परत आलेला आकडा

४ मार्च
नोकरी लागली! नवऱ्याची बदली या खाणीवर झाली तेव्हा मी महिनाभर नाक मुरडत होते, ते सगळं आज मागे घेतलं. राहायला दोन खोल्या आहेत. पुढे बैठकीची, मागे स्वयंपाकघर, मधल्या दाराला आतून कडी. कचेरी खिडकीतून दिसते, म्हणजे उशिराला सबबच उरली नाही.

काम असं. खाण डोंगरापलीकडे, बारा किलोमीटरवर. नऊ बोगदे, त्यांना हवा पुरवणारे नऊ पंखे, आणि ते चालूबंद करणारं यंत्र खाणीच्या तोंडाशी एका कुलूपबंद खोलीत. मी इथे कचेरीत बसून आकडे दाबायचे. आधी बोगद्याचा नंबर, मग चालूसाठी एक, बंदसाठी शून्य. जेवणाच्या सुट्टीत माणसं वर आली की पंखे बंद करून थंड होऊ द्यायचे, सुट्टी संपायच्या आत पुन्हा चालू करायचे. नवरा सात नंबरात ड्रिल चालवतो. त्याला म्हटलं, आता तुझा श्वास माझ्या बोटांत. तो म्हणाला, लग्न झाल्यापासून तसाच आहे.

६ मार्च
माझ्या जागेवरचे, आता निवृत्त होणारे काका काम शिकवतायत. मी सात दाबला, पडद्यावर काहीच नाही. पुन्हा दाबला. मग दोन सात एकदम उमटले आणि काका खेकसले. दाबलेला आकडा तारेवरून खाणीवर जातो, तिथलं यंत्र तो परत पाठवतं, तेव्हा कुठे इथे दिसतो. दिसतो तो मी दाबलेला नसतोच, तिकडून आलेला असतो. म्हणून काकांची शिस्त अशी की एक आकडा दाबायचा, हाताची घडी घालायची, दोन सेकंदांनी परत आला की नीट बघायचा आणि मगच पुढचा. फक्त सकाळचा पासवर्ड परत येत नाही, तो मुद्दाम. काका हे इतक्या गंभीरपणे सांगतात की मला हसू दाबावं लागलं.

११ मार्च
काका निवृत्त होऊन घरी गेले. कचेरीच्या साहेबांना माझं तोंड बघवत नाही. आज आठ दाबला तर तीन परत आला. खोडला, पुन्हा दाबला, पुन्हा तीन. चौथ्यांदा नीट आला. तार जुनी असेल. या भानगडीत सुट्टी संपली तरी दोन पंखे चालू करायचे राहिले, आणि माणसं वरती ताटकळली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की बाईमाणसाला यंत्रापुढे बसवलं की असंच व्हायचं. अंगाचा तिळपापड झाला. टायपिंगला जिल्ह्यात पहिली आलेली बाई मी, आणि हाताची घडी घालून बसल्याबद्दल बोलणी खाते.

१२ मार्च
तोडगा सापडला! कीबोर्डच्या पोटाखाली एक खटका आहे. तो लावला की दाबलेला आकडा इथल्या इथे, लगेच उमटतो. पण तिकडूनही परत येतो, त्यामुळे सगळं दोनदोनदा. साहेब ओरडले, हे काय तोतरं चाललंय. मग मी तिकडच्या यंत्राला आकडे परत पाठवायचं बंद करायला सांगितलं. आता पडदा कसा लख्ख! सगळे पंखे चार मिनिटांत बंद, चार मिनिटांत चालू. साहेबांनी मान डोलावली. मी काकांपेक्षा वरचढ निघाले म्हणायची.

१३ मार्च
नवरा काल संध्याकाळपासून गप्प आहे. जेवला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. विचारलं, दमलास का? जरा थांबून तो म्हणाला, दमलास का. चेष्टा सुचतेय मेल्याला.

१४ मार्च
पुन्हा तेच. मी जे बोलेन ते, जरा थांबून. भांडले. रडकुंडीला आले. म्हटलं, दिवा मालवू नकोस. तो थांबला. मग म्हणाला, दिवा मालव. आणि मालवला.

पहाटे कूस बदलताना हात त्याच्या छातीवर पडला. डोळे उघडे होते. छाती हलत नव्हती. मला भीती वाटते त्याची. माझ्या नवऱ्याची!

१५ मार्च, दुपार
काका विसरलेला चष्मा न्यायला आले. पडद्याकडे बघत म्हणाले, आकडे इतक्या लवकर कसे गं परत येतात? मी ऐटीत खटका दाखवला. काका पांढरे पडले.

त्यांनी खटका काढला, तिकडून परत पाठवणं सुरू केलं. सात दाबायला लावला. सात आला. एक दाबला. हाताची घडी.

शून्य आला.

पुन्हा एक. शून्य. पुन्हा —

काकांनी यंत्राला विचारलं. सातचा पंखा बारा तारखेच्या सुट्टीपासून बंद. तीन दिवस मी माझेच आकडे बघत होते. त्याला हवा नव्हती आणि मी —

खाणीवर फोन केला. कारकून म्हणाला, सातची माणसं रोज उतरतात, रोज वर येतात, सगळी हजर. कोणाची तक्रार नाही. यंत्राच्या खोलीत कोण बसतं, मी विचारलं. कोणीच नाही, म्हणाला. काकांनी फोन हिसकावला आणि त्याला सातचा पंखा हाताने चालू करायला लावलं.

साडेचार
फोन आला. सातमध्ये कोणीतरी पाइप बडवत होतं. ड्रिलला हवा पुरवणाऱ्या फुटक्या पाइपला तोंड लावून तीन दिवस. एकटाच जिवंत. माझा नवरा. माझा! डॉक्टरांनी तपासलंय, पण मला भेटल्याशिवाय दवाखान्यात जाणार नाही म्हणतो. गाडी आधी घरी आणतायत.

कारकून चाचरत म्हणाला, पण बाई, तुमचा माणूस आत्ताच हजेरी लावून गेला, मग हा —

कपडे घ्यायला घरी जाते.

पाच वाजून गेले
स्वयंपाकघरात आहे. कडी लावलीय. कपाटातून चादर काढली, वळले, तर तो बैठकीत खुर्चीवर. माझ्याआधीच येऊन बसलेला.

मी बोलत नाही तोवर तो काहीच करत नाही. म्हणून गप्प. हात चालू राहावा म्हणून लिहितेय. बाहेर जायचं तर त्याच्यासमोरूनच. इथल्या खिडकीला गज.

गाडी थांबली.

पावलं. खोकला — त्याचा, खरा — ओळखते मी.

थाप. हाक मारतोय मला. पुढचं दार नुसतं लोटलेलं आहे. गप्प राहिले तर माझा माणूस आत येईल. बोलले तर —

ओरडले. पळ, आत येऊ नकोस!

एक. दोन.

बैठकीतून — आवाज माझा, हुबेहूब माझा — ये, आत ये —

पुढचं दार करकरलं. माझा माणूस हसतोय, म्हणतोय आलो गं, आ—