हात सांगून सोडायचा

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! रुग्णवाहिकेतल्या दोघांनी मला उतरवलं तेव्हा माझाच जीव खालीवर होत होता. मागे चालणारा पायाखाली बघतच नव्हता. अठरा वर्षं मी लोकांची घरं इकडून तिकडे हलवली, काचेच्या कपाटाला कधी ओरखडा उठू दिला नाही, आणि आज मीच सामान झालो. हसू आलं, पण हसताना टाके दुखतात.

ही वही कवायतबाईंनी दिली. म्हणजे ऑपरेशननंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. कवायतबाई हे नाव माझं, त्या रागावत नाहीत. दुखणं दहापैकी किती आणि पावलं किती, एवढंच लिहा म्हणाल्या. पण मला दिवसभर दुसरं काम काय? वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, म्हणून खिडकीपाशी छातीइतक्या उंच, पाच खणांच्या कपाटावर वही ठेवून उभ्यानेच लिहितोय. कपाट सागवानी, रिकामं असलं तरी नव्वद किलो भरेल. सवय जात नाही.

पाठीत तीन मणके, दोन सळया, सहा स्क्रू. मणके एकमेकांना जुळायला तीन महिने. तोवर वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेत पिळायचं नाही. मागे बघायचं असेल तर अख्खं वळायचं, कपाट वळवतात तसं. आणि सहा आठवडे जिना बंद. माझी खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग वहिनींनीच मला इथे आणलं.

वहिनी म्हणजे माझ्या जोडीदाराची बायको. त्याला आम्ही काडी म्हणायचो. दिसायला काडी, पण फ्रिज एकटा पाठीवर घ्यायचा. दीड महिन्यापूर्वी एका जिन्यात कपाटाखाली येऊन तो गेला. माझी पाठ मोडली ती त्याच वेळी. आधी नुसत्या कमरपट्ट्यावर भागेल असं डॉक्टरांना वाटलं, भागलं नाही.

खोली त्याचीच. स्वच्छ, उजेडाची. भिंतीवर एक फोटो उलटा टांगलाय, पाठ आपल्याकडे. झाडताना फिरला असेल. दुखणं चार, पावलं बावीस.

५ मार्च, मंगळवार

पलंगावर कूस बदलणं हा एक सोहळाच आहे. गुडघे जुळवायचे, खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे, ओंडक्यासारखी. सकाळी वहिनी खांद्याशी होत्या. कमरेशी दुसरे हात आले. तळवे सपाट, अंगठे बाहेर, बोटं खालून. शिकलेले हात! मला भिंत सोडून काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, मास्तर, तुमची पकड अजून तश्शीच आहे हो.

मास्तर म्हणजे काडीचे वडील. वजन उचलायला त्यांनीच आम्हा दोघांना शिकवलं. आता पंचाहत्तरी गाठली, पण तळहात अजून फळीसारखे.

वहिनी म्हणाल्या की बाबा तर केव्हाचेच न्हाव्याकडे गेलेत.

गोळ्या कडक आहेत. दुखणं चार.

७ मार्च, गुरुवार

वहिनी लाँड्रीत इस्त्रीचं काम करतात. सकाळी जातात, चारला येतात. जाण्याआधी माझा पट्टा बांधतात, मोजे चढवतात. आज मोजे चढवताना खाली मान घालूनच म्हणाल्या की भावजी, ह्यांच्या चुकीने तुमची पाठ मोडली, निदान एवढं तरी मला करू द्या.

मग फोटोचंही कळलं. तो फोटो काडीचा. मास्तरांनीच फिरवलाय. माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाने न सांगता हात सोडला, त्याचं तोंड मला बघायचं नाही, असं म्हणाले म्हणे. पोटच्या पोराबद्दल.

मास्तरांचा पहिला धडा हाच. हात सांगून सोडायचा. ज्याला सोडायचंय त्याने विचारायचं, सोडू? समोरच्याने वजन सावरायचं आणि म्हणायचं, सोड. तोवर नाकावर माशी बसली तरी बोट हलवायचं नाही. जिन्यात तर नाहीच नाही, कारण तिथे सगळं वजन खालच्या गड्यावर येतं.

त्या दिवशी काडी खाली होता आणि मी वर.

वही कोणी वाचत नाही, तर लिहून टाकतो. हात मी सोडला. खिशात फोन वाजला, कोणाचा ते बघायला उजवा हात काढला. विचारलं नाही. दोन सेकंदांचं काम, असं वाटलं. कपाट गेलं, मागोमाग मीही गेलो. फोन कुठल्याशा जाहिरातीचा होता.

दवाखान्यात पोलीस साहेबांनी विचारलं की हात कोणी सोडला. मी म्हणालो, काडीने. शुद्धीवर होतो. तोवर काडी गेलेला होता, त्याला काय फरक पडणार, असा विचारही केला होता. त्याला बायको आहे, बाप आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं.

मोजे अगदी नीट बसलेत. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१० मार्च, रविवार

काल दुपारी घर सामसूम होतं. वहिनी कामावर, मास्तर बाहेरच्या खोलीत घोरत होते. एकट्याने वळायचं ठरवलं. गुडघे जुळवले आणि कमरेखाली ते हात आले. बेताने, अगदी मापात वळवलं मला. मग तिथेच थांबले.

घाम फुटला. मास्तरांचं घोरणं ऐकू येत होतं. हात हलत नव्हते. कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते मला कळलं. अठरा वर्षांची सवय आहे.

मी म्हणालो, सोड.

हात निघाले.

१३ मार्च, बुधवार

कवायतबाई आल्या. पडवीत चालवलं, साठ पावलं. चाल छान आहे म्हणाल्या, पण मी मागे रेलून चालतो, मागे कोणीतरी धरून चालल्यासारखा. रेलू नका म्हणाल्या.

मला मागे वळून बघता येत नाही. अख्खा वळलो की मागे जो कोणी आहे तोही माझ्याबरोबर वळतो. न्हाणीघराच्या आरशात फक्त मी दिसतो, पट्टा आवळलेला, आणि पट्ट्याखालचा सदरा दोन ठिकाणी चेपलेला. हाताच्या तळव्याएवढा.

पहिल्यांदा वाटलं, काडीच तो, मला सांभाळतोय. जिवंतपणी सांभाळायचाच. या विचाराने रडू आलं. पण तो मला का सांभाळेल?

१६ मार्च, शनिवार

हात कमरेवरून खांद्यांवर आले.

दुपारी लिहायला उभा राहिलो की येतात. आज त्यांनी वजन दिलं. दाबलं नाही, दिलं. जिन्यात वरचा गडी माल उतरवताना खालच्याकडे देतो, तसं बेताबेताने. नाकात जुन्या लाकडाचा आणि पॉलिशचा वास. ते कपाट मी विसरणं शक्य नाही. तीन दारांचं, एकशे ऐंशी किलो.

आता मी खाली आहे आणि काडी वर.

मग कानाशी आवाज. त्याचाच, किंचित घोगरा. सोडू?

नको, म्हणालो. नको रे. चार वाजेपर्यंत नको नको म्हणत उभा होतो. फाटकाची कडी वाजली, वहिनी आल्या, तेव्हा वजन गेलं. वहिनींना वाटलं मला ताप आलाय. कपाळावर हात ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी सूप करून आणलं. मी ते प्यालो.

दुखणं सात.

१८ मार्च, सोमवार

तपासणी. एक्स-रेमध्ये वरचा एक स्क्रू ढिला दिसतोय, सळई किंचित वाकलीय. डॉक्टर भडकले. काय उचललंत म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही. काही न उचलता सळई वाकत नसते म्हणाले.

वहिनी बाजूला उभ्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. मीच यांना वळवते, माझंच काहीतरी चुकलं असणार, असं डॉक्टरांना म्हणाल्या.

मी गप्प बसलो.

हे पुन्हा केलं मी. एकदा नवऱ्यावर ढकललं, आज बायकोवर. या वेळी तर फोनही वाजला नव्हता.

२० मार्च, बुधवार

वहिनी आता मला हात लावायला घाबरतात. आज मास्तर त्यांना म्हणाले की या घरात धड हात एकाचेही नाहीत. नवरा तसा, बायकोही तशी. वहिनी इस्त्री करत राहिल्या. घरात इस्त्री करायला कपडे नव्हते. एकच चादर पुन्हा पुन्हा.

मग मास्तर माझ्या खोलीत आले. भिंतीवरचा फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवून दिला. उठताना कपाटाला धरून उठले. मी तोंड उघडलं. आज बोलायचंच, असं सकाळपासून घोकलं होतं. मास्तर थांबले, काय म्हणून विचारलं.

मी पाणी मागितलं.

त्यांनी आणून दिलं. म्हातारा माणूस, हात कापतात, तरी थेंब सांडला नाही.

२१ मार्च, गुरुवार

आज सकाळीच आला. वहिनी जायची वाट नाही पाहिली—

दोघंही घरात असताना मी वजन धरून उभा. मास्तर समोरून गेले, त्यांना काही दिसलं नाही. म्हणाले, सरळ उभा राहा, पोक काढू नकोस.

सोडू? सोडू? दर थोड्या वेळाने विचारतो. ओरडत नाही. ओरडला असता तर बरं होतं.

दुखणं—

२२ मार्च, शुक्रवार

पाठीत कट् असा आवाज झाला. डाव्या पायाला मुंग्या. वहिनींना सांगितलं नाही, त्या पुन्हा स्वतःला—

वजन कधी कमी होतं ते कळलं. हात मी सोडला, एवढं तोंडातल्या तोंडात म्हटलं, तेवढ्यापुरतं हलकं झालं. पण म्हटलं ते भिंतीला. थोड्या वेळाने पुन्हा तेवढंच. माझ्याकडून त्याला काही नकोय. माझ्याशी त्याचं काम नाही. त्याला हे मास्तरांना आणि वहिनींना ऐकवायचंय.

उद्या. नक्की.

२३ मार्च, शनिवार

दुपारचे पावणेचार. डावा पाय गेला, कळतच नाही. डाव्या हाताने कपाट धरलंय, उजव्याने लिहितोय. म्हणजे एक हात सुटलेलाच आहे.

मास्तरांना हाक मारली. आवाज फुटत नाही, छातीवर सगळं—

विचारतोय. मी म्हटलं, थांब, एवढं लिहून होऊ दे.

थांबला.

मास्तर, हात मी सोडला. विचारलं नाही. फोन बघायला सोडला. काडीने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं, कपाट अंगावर आलं तरी. मला वर ढकलून तो खाली राहिला, म्हणून मी वाचलो. दवाखान्यात खोटं मी बोललो. तुम्ही शिकवलेला मुलगा चुकला नाही. चुकला तो मी. फोटो खालच्या खणात आहे, मला वाकता येत नाही. तुम्ही काढा आणि सरळ लावा.

वहिनी, स्क्रू तुमच्या हाताने ढिला झाला नाही. तुमचे हात चांगले आहेत. मोजे कोणी इतके नीट चढवले नव्हते मला. मी तुमच्या घरात तोंड वर करून—

फोन वाजतोय. पलंगावर. वाजू दे.

हलकं झालं. जरासं. वाटलं की संपलं, पण हात अजून खांद्यावरच आहेत.

फाटकाची कडी. वहिनी आल्या. वही उघडीच ठेवतोय, इथेच कपाटावर.

पुन्हा विचारलं त्याने. हळू, नेहमीसारखं. मी विचारलं नव्हतं, तो विचारतोय. अजूनही नियमाने.

सावरलंय का मी? माहीत नाही. पण किती वेळ धरायला लावू त्याला— त्याचेही हात भरून आले असतील—

हो रे काडी. सो