तिच्या घराचं पुढं काय झालं

बाबा, आज चंद्रपूरला, म्हणजे तुमच्या चांद्याला, माणसाच्या हक्कांवर दिवसभर बोलून आले आणि घसा बसलाय. इतकी वर्षं तेच बोलते आहे. ऐकणारे माना डोलावतात, जेवण बरं होतं म्हणतात आणि बस पकडायला पळतात. कंटाळा आलाय, बाबा. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

भामरागडच्या अलीकडचं ते जंगलातलं गाव, एका खोलीची तुमची शाळा, मागं आपलं बिऱ्हाड. साहेबाचा दौरा निघाला की जंगल खात्याचा नाकेदार घरोघर फिरायचा, आणि माणसं हातातलं काम टाकून तंबू, खाटा, कोंबड्या डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाला निघायची. मजुरी नाही. जंगलात राहू देतो हीच मजुरी, म्हणायचा. तुम्ही कुणाची पेरणी राहिली, कोण ओझ्याखाली आजारी पडलं, हे झोपडीझोपडीत विचारत हिंडलात. मग मुलांना आणि मोठ्यांनाही सांगायला लागलात, की स्वराज्य आलंय, घटनेनं बेगार बंद केलीय, नाही म्हणा.

एका संध्याकाळी गोटुलापुढं, गावाच्या त्या बैठकघरापुढं, सगळे जमले आहेत. बेगारीला नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं तुम्ही म्हणता. हात वर होतात, तुमचा चेहरा फुलतो. एका विधवा बाईचा हात तेवढा मांडीवरच आहे. तुम्ही ठराव झाला असं जाहीर करून मोकळे होता, तेव्हा गावाचा म्होरक्या, गायता, हळूच म्हणतो, "हात काऊन मोजून राह्यले, गुरुजी? ते बाई अजून बोलली नाई. ते बोलत नाई, तवर गाव बोलत नाई."

मग ती सभा काही संपेना. रोज माणसं येऊन बसायची, तंबाखू मळायची, तिच्या बोलण्याची वाट पाहायची. तिला कुणी आग्रह करत नव्हतं. तुम्ही मात्र घरी येऊन चिडायचात, "एका बाईसाठी अख्खं गाव अडून राह्यलं!" आईनं भाकरी थापता थापता तुम्हाला सुनावलं, "अडन नाई त काय? घर तिचं जाईन, तुमचं नाई." त्यानंतर तुम्ही चिडायचं थांबलात. आईचं बोलणं तुम्हाला लागलं होतं, ते मला तेव्हाही कळलं.

शेवटी ती बोलली. "नाकेदारानं माहं घर मोडलं त कोन बांधून देईन?"

"आमी आहो ना, बाई," गायता म्हणाला. सगळ्यांनी हो म्हटलं, तेव्हा कुठं तीही बेगारीला नाही म्हणाली.

पुढच्या दौऱ्याला कुणीही ओझं उचललं नाही. आणि झालंही तिनं म्हटलं तसंच. नाकेदारानं माणसं आणून सगळ्यांत आधी तिचीच झोपडी पाडली. ती कणगीला हात लावून उभी होती. तुम्ही धावत गेलात, "मी शिकवलं यायले, मले धरा!" तो हसला. त्यानं तुम्हाला धरलं नाही, तुमची दूर मूल गावी बदली झाली. नद्या भरायच्या आत निघायचं म्हणून आपण घाईघाईनं बैलगाडीत बसलो. वाटेत तिच्या घराच्या लाकडी बल्ल्या तशाच पडलेल्या दिसल्या. मूलला भातगिरणीच्या आवाजात आपला संसार पुन्हा लागला, पण त्या बाईचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. मीही विचारलं नाही. तुम्ही गेलातही तसेच.

हे पत्र कुठं टाकणार मी! पण एक सांगायचंय. ही गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगते, आणि शेवटी सांगते की पाऊस लागायच्या आत गावानं तिचं घर पुन्हा उभं केलं. आज एका मुलीनं विचारलं, "तुम्ही पाहिलं का, ताई?" मी हो म्हणाले. बाबा, आता तिकडं रस्ता झालाय. त्या गावाच्या फाट्यावरून मी कितीदा तरी गेले, पण एकदाही उतरले नाही. त्यांनी ते बांधलं नसेल, तर मला ते ऐकायचं नाही.