सुबसानार, म्हणजे त्रुटीची पूर्तता

प्रिय आई,

सकाळपासून तीनदा लॅपटॉप उघडला, तीनदा बंद केला. मध्येच उठून गॅलरीतले कपडे काढले, न वाळलेलेसुद्धा. स्पेनच्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलंय. माझा प्रवेश एका शब्दावर अडलाय, आणि तो शब्द तूच माझ्याकडून पाठ करून घेतला होतास. म्हणून तुलाच लिहितेय.

सुबसानार. आठवतो? स्पॅनिशच्या परीक्षेआधी तू पोळ्या लाटता लाटता माझी उजळणी घ्यायचीस. स्पॅनिशचा गंध नाही, पण माझ्या वहीतली देवनागरी वाचून दरडावायचीस, "अर्थ सांग. आता वाक्यात वापर."

मी म्हटलं, "अर्जात काही चुकलं, राहिलं असेल तर ते दुरुस्त करणं. फार फॉर्मल शब्द आहे."

"अगं, म्हणजे त्रुटीची पूर्तता! तीस वर्षं ऑफिसात दुसरं काय केलं मी?" मग विचारलंस, "उशी उसवली, ती शिवली, तर चालेल का हा?"

"नाही गं. कागदावरच्या चुकांनाच वापरतात."

आता ती त्रुटी माझ्याच अर्जात आहे. आणीबाणीत कुणाला कळवायचं, तिथे मी तुझं नाव आणि तुझा नंबर लिहिला. त्यांनी नंबर पडताळायला फोन केला, लागला नाही. आज संध्याकाळपर्यंत सुबसानार करा, नाहीतर अर्ज रद्द.

चुकून नव्हतं लिहिलं. तुला जाऊन चार महिने झाले होते, तरी लिहिलं. दुसरं कुणाचं लिहिणार? बाबांचं? घरातला प्रत्येक फोन तू घ्यायचीस, त्यांना सवयच लावली नाहीस. त्या दिवशी हॉस्पिटलमधून मी त्यांना सात वेळा फोन केला. त्यांचा फोन कपाटात, सायलेंटवर. ते पोचेपर्यंत तू गेली होतीस. तो राग माझ्या मनातून जात नाही, काय करू?

मघाशी शेवटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमचा नंबर देऊ?"

ते म्हणाले, "दे. त्या दिवसापासून मी फोन सायलेंट करत नाही. आंघोळीला जाताना पण बाथरूमच्या खिडकीत ठेवतो."

एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

आई, हे पत्र संपलं की तुझं नाव काढून त्यांचं लिहीन. आणि तिथे गेल्यावर त्यांना रोज फोन करीन, काही झालेलं नसलं तरी.

तुझी,
शीतल
मुलुंड