तांबेऱ्याचं सोवळं

आनंद नगर, भोपाळ
११ फेब्रुवारी

प्रिय आईस,
शाल्मलीचा नमस्कार. आधी बातमी सांगते, मी जिंकले.

आमच्या प्रयोगशाळेत गव्हावरच्या तांबेरा रोगाचे दोन प्रकार दोन खोल्यांत ठेवलेत. एक एका वाणावर पडतो, दुसरा दुसऱ्यावर. डिसेंबरात एका शेतातून आलेला तांबेरा मात्र दोन्ही वाणांवर पडला. मी म्हटलं, हा नवा प्रकार आहे. आमचे प्रमुख शुक्ला सर म्हणाले, तुमच्याच कपड्यांवरून दोन्हींची सरमिसळ झाली.

मग मी तुझं सोवळं पाळलं. दर खेपेला डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे, वाटेत कुणाला शिवायचं नाही. त्या तांबेऱ्याच्या एकाच फोडातली, म्हणजे एकाच प्रकारची, पूड तीनदा दोन्ही वाणांवर लावली. तिन्ही वेळा दोन्हींची पानं फोडांनी भरली. आता पुढच्या पेरणीआधी शेतकऱ्यांना सावध करता येईल.

एवढ्या थंडीत भिजूनही सर्दी नाही, जरा घसाच बसलाय. बाबांचा खोकला कसा आहे? खरं सांग.

वीस वर्षं मी तुझ्या सोवळ्याला हसले. आज सर माझ्या प्रयोगाच्या खोलीच्या दाराशी थांबून विचारत होते, "अंदर आऊँ, या पहले नहाना पड़ेगा?"

मी त्यांना न्हायला पाठवलं.

तुझी,
शाल्मली