बर्फातल्या घराला पाणी

अहो,

मी लेकीकडे, सोनलकडे नावड्याला जाते. हो, रुसूनच. बोंबील साफ करून फ्रिजमध्ये ठेवलेत, तळून घ्या. तेल बेतानं टाका.

मला न विचारता जॉर्जियात बर्फातलं घर घेतलंत, स्की खेळणाऱ्यांना भाड्यानंही दिलंत. ते राहू दे. पण आपल्या करावे गावातल्या भाडेकरूंसारखं त्यांना रोज सकाळी फोन करून "पाणी आलं काय?" विचारू नका. तिकडे तेव्हा पहाट असते, आणि नळ कधीच जात नाही. बिचारी माणसं घाबरून उठतात.

विचारल्याशिवाय चहा गोड लागत नसेल, तर मला फोन करा. सोनलच्या बिल्डिंगला पाणी सकाळीच येतं. मी जागीच असेन.

जमुना