घरातली उदाहरणं

३ जून, संध्याकाळ
...आणि खडू मोडला. वाक्य मात्र पुरं झालं होतं: ‘माय वाइफ हॅज गिव्हन अप द एक्झाम.’ ‘गिव्ह अप’चा पहिला अर्थ, सोडून देणं. उदाहरणं घरातली द्यावीत, मनात राहतात, ही माझी पद्धत. वर्ग खूप हसला. शेवटच्या बाकावर बायको होती. ती हसली नाही. इंग्रजीत तिसऱ्यांदा नापास झाल्यापासून तिची विनोदबुद्धी कमी झालीय.

४ जून
बायको बहिणीकडे गेली. हवापालट. चार दिवसांत येईल. तोवर सिगारेट सोडायची.

७ जून
फोन केला. मेहुणी म्हणाली, ताई आंघोळ करतेय. तासाभराने केला. अजून आंघोळच. मी म्हटलं, पाणी जपून वापरा. ती म्हणाली, भावोजी, तुम्ही शब्द जपून वापरा की जरा. हजरजबाबी आहे. दोघी बहिणींना मुळात माझं कौतुक.
सिगारेट उद्यापासून.

११ जून
दुसरा अर्थ: दुसऱ्यासाठी आपलं काही देऊन टाकणं. ‘माय वाइफ गेव्ह अप हर जॉब फॉर माय क्लास.’ वर्गातल्या शिंपीणबाईंनी हात वर केला. सर, आणि तुम्ही काय दिलंत? प्रश्न चांगला होता. उत्तराला वेळ नव्हता. वर्ग लवकर सोडला.
फोन. मेहुणी म्हणाली, ताई अभ्यास करतेय. मी म्हटलं, एकटी कसा करणार? ती म्हणाली, एकटी आहे म्हणूनच होतोय.
म्हणजे पुस्तकं माझीच वापरतेय. शुभलक्षण.

१५ जून
वर्गात तिघंच. तापाची साथ असावी. भाजी करपली. करपलेली पचायला हलकी.

१८ जून
तिसरा अर्थ: एखाद्या माणसाची आशा सोडणं. फळ्यावर लिहिलं: ‘माय वाइफ विल नेव्हर गिव्ह अप ऑन मी.’ वळलो तर दारात बायको, हातात रिकामी बॅग. परत आली! वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, मराठी अर्थासकट. ती फळ्यापाशी आली. म्हणाली, अहो, माझ्याबद्दल लिहिताना मला एकदा तरी विचारलंत? आणि तिने ते वाक्य हातानेच पुसलं. कोणी हसलं नाही. शिंपीणबाई तिच्यासाठी पाणी आणायला उठल्या.
शेवटची बस गेली होती, म्हणून राहिली. बस हे निमित्त. बॅग भरलीय, पण चेन लावलेली नाही. उद्या बोलू. काय बोलायचं ते पाठ केलंय.

१९ जून, सकाळ
तिने दोघांचा चहा केला. माझा झाकून ठेवला. मी जागा होतो, डोळे मिटून पडलो होतो. बॅग जड असावी. जिन्यात दोनदा खाली टेकवल्याचा आवाज आला. पहिल्या बसने गेली.