आखाडातले खेकडे

२९ जून, रविवार

सकाळी विश्वजितचा व्हिडिओ कॉल. मावशीचा मुलगा. अमेरिकेत लुइझियानात जहाजांच्या गोदीत वेल्डर आहे. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती.

आधी तोंड दाखवलं नाही, ढीग दाखवला! लांब टेबलावर वर्तमानपत्रं, आणि त्यावर भलंमोठं पातेलं उपडं केलेलं — मक्याची कणसं, बटाटे आणि लालभडक क्रॉफिश. क्रॉफिश म्हणजे अंगानं कोळंबीएवढा, पण नांग्या आणि कवच खेकड्याचं. गोड्या पाण्यातला, चिखलात बीळ करून राहणारा. म्हणजे आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचा भाऊबंदच. हंगामातला शेवटचा ढीग, म्हणाला.

"ताटं कुठायत?" मी विचारलं.

"ताट न्हाई रं. उभं ऱ्हायाचं, शेपूट मुरगळायचं, सोलायचं, डोकं चोखायचं. गड्या, लय तिखट असतंय. आपला मसाला बी लाजंल!"

शेजारी एक म्हातारा होता. केजन. हे मूळचे फ्रेंच बोलणारे लोक. अडीचशे वर्षांपूर्वी कॅनडातून हाकलले गेले, फिरत फिरत या दलदलीत येऊन राहिले आणि जे मिळेल ते खाऊन जगले. म्हातारा शाळेत असताना डब्यात क्रॉफिश नेला की मुलं हसायची, म्हणे. आता त्याच क्रॉफिशच्या नावानं जत्रा भरते. ऐकून बरं वाटलं. आम्हालाही पाहुण्यारावळ्यांत "खेकडं खानारी" म्हणतात.

मग विश्वजितनं विचारलं, "वीरूदादा कुठं हाय?"

झोपलाय, म्हणालो. खोटं बोललो. दादा आतल्या खोलीत दार लावून जेवत होता.


३० जून, सोमवार

दादा पलटणीतून घरी आला त्याला आज पन्नास दिवस झाले. लडाखात गाडी उलटली, उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला. पन्नास दिवसांत एकदाही तो आमच्यात जेवायला बसलेला नाही. डाव्या हातानं जेवताना कुणी बघू नये, म्हणून दार. ताट मी नेतो. ठेवतो, बाहेर येतो. अर्ध्या तासानं ताट उंबऱ्यावर. निम्मं तरी शिल्लक असतंच.

शिराळ्याच्या दवाखान्यात वजन केलं. अकरा किलो कमी.

वहिनी भांडी घासताना म्हणाली, "भावजी, मलाबी भाईर काढत्यात. म्या काय परकी हाय?"


४ जुलै, शुक्रवार

बनाबाई ओढ्यावरून खेकडे घेऊन आली. तिचं घर ओढ्याला लागून, आणि बिळात हात घालायला सत्तरीतही भीत नाही. पोटाखाली पिल्लं असलेली मादी मात्र कधी आणत नाही. मी लिहीत बसतो म्हणून मला मास्तर म्हणते.

"मास्तरा, मोजून घे. अकरा हायत, समदी जित्ती. न्हाईतर म्हनशील मेल्यालं आनलं."

मोजले. अकरा. आई गेल्यापासून घरातलं असलं जेवण माझ्याकडेच आहे. दिवसभर खानावळीत रांधायचं आणि घरी आल्यावरही. बारके पाय कांडले, पाणी घालून दोनदा गाळले. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, चटणी. रस्सा उकळला. दादाला वाटी आत नेऊन दिली.

आम्ही तिघे बाहेर बसलो. आबा, वहिनी, मी. आणि मला दिसलं! आबांचा डावा हात ताटात होता. लहानपणी डाव्या हातानं लोणचं घेतलं म्हणून याच आबांनी मला ताटावरून उठवलं होतं. आज त्यांची डावी बोटं रश्शानं माखलेली. वहिनीचीही. माझीही. खेकडा एका हातानं धरायचा आणि दुसऱ्यानं मोडायचा, त्याला इलाजच नाही. आमच्या घरात डावा हात ताटात चालतो तो एवढ्याच जेवणात. इतकी वर्षं खातोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

घास हातातच राहिला.

"भावजी, खेकडा चावला का काय?" — वहिनी.


६ जुलै, रविवार

एकादशी. उपास.

ठरवलं. आखाडाचा शेवटचा रविवार, २० तारीख. विश्वजितच्या टेबलासारखं करायचं. ताटं नाहीत. मध्ये एकच ढीग आणि सगळ्यांचे दोन्ही हात त्यात. कुणाचा कुठला हात, कोण बघणार?


११ जुलै, शुक्रवार

आबांना सांगितलं. चिडले. "पेपर हातरून खायाचं? ताटं काय इकून खाल्ली व्हय आपन?"

वहिनीनं सावरलं. "आवं मामंजी, अमेरिकेत असंच खात्यात. तुमी एकदा खाऊन तर बघा, मग उद्यापास्नं भाकरी बी पेपरावर मागशिला."

आबा हसले नाहीत. पण नाही म्हणाले नाहीत.


१३ जुलै, रविवार

दादाला दाराबाहेरून सांगितलं. आतून खाट करकरली. मग — "बघू."

नाही म्हणाला नाही!


१९ जुलै, शनिवार

बनाबाईनं तीन दिवस साठवून बासष्ट खेकडे आणले. मोठ्या घमेल्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवलेत. दिवसातून तीनदा बघितले. दोन मेलेले निघाले, लांब नेऊन पुरले. मेलेला एक जरी पातेल्यात गेला तरी सगळं नासतं. राहिले साठ.

एकच काळजी. ओढ्याच्या खेकड्याची मोठी नांगी दगडासारखी असते. एका हातानं मोडणार नाही. दातानं मोडेल. दादाचे दात चांगले आहेत. तरी.


२० जुलै, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी खेकडे साफ केले. त्यातले नऊ बाजूला काढून शिजवले आणि त्यांचं सगळं मांस सोडवलं. कवचाची कपची राहू नये म्हणून बोटांनी दोनदा चाचपलं. एक वाटी भरली. चुलीजवळ झाकून ठेवली. लागली तर असावी म्हणून. वहिनीला सांगितलं नाही.

दुपारी सोप्यात वर्तमानपत्रं अंथरली, चार थर. धडं आणि नांग्या मसाल्यात परतून मधोमध ओतल्या, बरोबर बटाटे. रस्सा वाट्यांत. आबा, वहिनी, बनाबाई गोल बसले. वास घरभर.

बनाबाई ओरडली, "सुबेदार, या की भाईर! गार झाल्याव मजा न्हाई!" दादा नाईक होता, पण बनाबाईला फौजेतला प्रत्येक माणूस सुभेदार.

दार उघडलं.

दादा आला. आबा आणि बनाबाईच्या मध्ये बसला. उजव्या हातावर टॉवेल टाकलेला. डाव्या हातानं नांगी उचलली, दाढेखाली धरली — कट्! कुणी मान वर केली नाही. सगळे आपापल्या खेकड्यात. नुसता चोखण्याचा आवाज.

"आबा, दात हायत का न्हाईत तुमास्नी? द्या हिकडं, फोडून देते," बनाबाई म्हणाली.

"माजं दात मोजायला आलीस का जेवायला?"

दादा हसला! मोठ्यानं. वहिनीनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. मसाला गेला, म्हणाली.

इथंच सगळं राहू द्यायचं होतं.

दादाच्या हातातून एक मोठी नांगी निसटली, आबांच्या मांडीवर पडली. एवढंच. आबांनी ती उचलून त्याच्या पुढ्यात टाकली आणि पुन्हा खायला लागले. पण मी तोवर उठलो होतो. चुलीजवळची वाटी आणली आणि दादासमोर ठेवली. वाटीत चमचा.

सगळे थांबले.

दादानं वाटीकडे बघितलं. चमच्याकडे. मग माझ्याकडे. हात पेपराला पुसला.

"जेवा तुमी."

दाराची कडी लागली.

बनाबाई हळूच म्हणाली, "मास्तरा, चमचा कशाला रं आनलास?"

पेपर गोळा केले. ढीग निम्मासुद्धा संपला नव्हता.


२१ जुलै, सोमवार

दोन्ही वेळचं ताट जसंच्या तसं परत.


२३ जुलै, बुधवार

खानावळीतून दुपारी आलो तर दादा परसात दगडावर बसला होता. "हिकडं ये," म्हणाला. गेलो. उभाच राहिलो.

"ऐतवारी समदी खात हुती. माज्या हाताकडं कोन बघत हुतं?"

मी चपलेनं माती उकरत होतो.

"तू. एकटा तू. तू एक तरी खेकडा फोडलास का?"

आठवून बघितलं. साठ खेकडे. मी एकही खाल्ला नव्हता.

"दार म्या लावतो, खरं हाय. पन ताट ठिवून पळतं कोन? दोन म्हैनं झालं. एक दिस तरी माज्याम्होरं बसलास?"

"तुला नको असंल म्हनून..."

"मला इचारलंस?" मग आवाज उतरला त्याचा. "तू धावी नापास झालास. समदं गाव तुज्याकडं बघत हुतं. म्या बघितलं व्हय रं तसं?"

नाही. त्या दिवशी त्यानं मला ओढ्यावर नेलं होतं. निकालाचा शब्दही काढला नव्हता. आम्ही संध्याकाळपर्यंत खेकडे धरले होते.

मला रडू आलं. तो उठून आत गेला.


२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. खेकड्याचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं.

ताट घेऊन आत गेलो. आज बसायचं, असं सकाळपासून ठरवलं होतं. ठेवलं. कापलेला हात नजरेला पडला. पाणी आणतो म्हणालो आणि बाहेर आलो. वहिनीच्या हातून पाणी आत पाठवलं.

दोष त्याच्या हाताचा नाही. हे इथं लिहिलेलं बरं.


३१ जुलै, गुरुवार

आज भर दुपारी दादा खानावळीत आला. टॉवेल नव्हता. सगळी बाकं भरलेली होती. ट्रकवाले, एसटीचे दोघे, कॉलेजची मुलं. मधल्या बाकावर जागा करून बसला आणि तिथूनच मला हाक मारली, "किस्ना, दोन ताटं लाव. भाईर ये."

वांगं, आमटी, भाकरी. कालवायला, मोडायला एकच हात लागेल असं साधं जेवण. त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडली. लोक बघत होते.

मी त्याच्यासमोर बसलो आणि माझी भाकरी मोडली.